गाडीचा विमा आहे, पण गाडीसाठी आहे का?

मैत्रिणींनो, घरातली महत्त्वाची कागदपत्रे कुठे ठेवली आहेत, हे बहुतेक घरांत आपल्यालाच ठाऊक असते. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या आणि त्याच पिशवीत स्कूटरच्या नाहीतर मोटारीच्या विम्याचा कागद. आज ती पिशवी खाली काढा आणि तो कागद एकदा नीट वाचा. कारण "विमा आहे ना, मग काळजी कसली?" असे म्हणणाऱ्या कित्येकींना गाडी ठोकल्यावरच कळते, की विमा आहे खरा, पण तो आपल्या गाडीच्या नुकसानीचा नाही!

दोन भाग, दोन कामे

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने जो विमा सक्तीचा आहे, तो 'थर्ड पार्टी'. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या वस्तूचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई यातून होते. आपल्या गाडीला मात्र यातून एक पैसाही मिळत नाही. त्यासाठी 'ओन डॅमेज' हा दुसरा भाग घ्यावा लागतो. दोन्ही मिळून जो होतो, त्याला लोक 'फुल इन्शुरन्स' म्हणतात. अपघात, आग, चोरी, पूर, वादळ, भूकंप, दंगल यांत आपल्या गाडीचे नुकसान झाले तर हाच दुसरा भाग उपयोगी पडतो.

आणि इथेच फसगत होते, बरं का! सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. कागदावर पुढची तारीख दिसते आणि आपण निर्धास्त होतो. पण ओन डॅमेजची मुदत बहुधा एकाच वर्षाची असते. तेव्हा कागदावर दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या पाहा. दुसरा भाग संपला असेल, तर २०१९ पासून तेवढाच वेगळा घेता येतो.

बिल सगळे का मिळत नाही?

कारण 'घसारा'. गाडी जुनी होते तशी तिच्या भागांची किंमत उतरते. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे धरतात. काचेला घसारा नाही. धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे असतो.

समजा, तुमची स्कूटर अडीच वर्षांची आहे. प्लॅस्टिकच्या भागांचे बिल झाले ३,००० रुपये, धातूच्या भागांचे २,००० आणि मजुरी ८००. प्लॅस्टिकचे १,५०० मिळतील, धातूचे १५ टक्के वजा जाता १,७०० आणि मजुरी पुरी. झाले ४,०००. त्यातून दुचाकीला सक्तीने वजा होणारे १०० रुपये गेले. म्हणजे ५,८०० च्या बिलात हाती ३,९००. उरलेले आपल्या पर्समधून. थोडा जास्त हप्ता भरून 'झीरो डेप्रिसिएशन' घेतले, तर ही घसाऱ्याची कात्री बहुतांशी वाचते. गाडी नवी असताना ते घेणे फायद्याचे.

लहानसहान क्लेम करावा का?

वर्षभर क्लेम केला नाही, तर ओन डॅमेजच्या हप्त्यात पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळते. ती दरवर्षी वाढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जाते. क्लेम केला की पुन्हा शून्य! समजा, मोटारीचा हप्ता ८,००० आहे आणि सूट ३५ टक्के, म्हणजे २,८०० रुपये. आरसा फुटला, बिल आले २,५००. लहान मोटारीला सक्तीने १,००० वजा होतात. म्हणजे दीड हजाराच्या आतल्या भरपाईसाठी २,८०० ची सूट घालवायची! गृहिणीच्या हिशेबात हे बसते का, सांगा बरे? मोठ्या नुकसानीसाठीच विमा राखावा. आणि मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तरीही ही सूट जाते.

विमा केव्हा हात वर करतो?

कुकरचे रबर झिजले तर दुकानदार भरपाई देत नाही, तसेच इथेही. झीज आणि यंत्रातला बिघाड यांना भरपाई नाही. लायसन्स नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली, किंवा चालवणारा दारू प्यालेला असला, तरी नाही. मोटारीला मागाहून सी.एन.जी. किट बसवले असेल, तर त्याची नोंद पॉलिसीत हवीच.

नणंदेकडून किंवा शेजाऱ्यांकडून जुनी गाडी घेतली असेल, तर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कळवा. नुसते आर.सी. बुक बदलून भागत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट जपा. २६ जुलै २००५ ला मुंबईत, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरात भिजलेल्या गाडीला भरपाई असते. पण पाण्यातली गाडी सुरू करायला जाऊन इंजिन बिघडले, तर त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळे घेतलेले असावे लागते. म्हणून पाणी ओसरले तरी किल्ली फिरवू नका. गाडी ओढून गॅरेजमध्ये न्या.

नुकसान झालेच तर

प्रथम माणसांना सांभाळा. मग फोटो काढा आणि कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेअरने पाहण्याआधी दुरुस्ती सुरू करू नका. चोरी झाली असेल तर ताबडतोब पोलिसांत तक्रार करा. दोन्ही किल्ल्या कंपनी मागते, म्हणून दुसरी किल्लीही जपून ठेवा. क्लेम अन्यायाने नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात समाधान झाले नाही, तर मुंबई-पुण्याला विमा लोकपालांची कार्यालये आहेत. तिथे फी लागत नाही.

काढलीत ना पिशवी? मग त्या कागदावरची ओन डॅमेजची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी!