शिवराईच्या विक्रीनोंदी : परीक्षा आणि तक्रार

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर जेथून भोरचा रस्ता फुटतो, तेथे कापूरहोळ हे गाव आहे. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला आणि त्यांना दूध पाजणारी धाराऊ गाडे ही या कापूरहोळची. गावाच्या नावाला अशा रीतीने इतिहासाचे वजन आहे, आणि जुन्या नाण्यांच्या बाजारात नेमके असेच नाव खपते. एखाद्या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर ‘कापूरहोळ येथे शेतात सापडलेली अस्सल शिवकालीन शिवराई, परदेशी पाठविण्याची सोय’ अशी विक्रीची नोंद आहे, असे गृहीत धरावे. ही नोंद कल्पित आहे. परंतु तिच्यातील एकेक शब्द अशा नोंदींतून वारंवार आढळतो, आणि प्रत्येकाची परीक्षा निराळ्या मार्गाने करावी लागते.

प्रथम ‘शिवकालीन’ हा शब्द घ्यावा. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाशी ज्या नाण्याचा संबंध जोडला जातो, त्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा लेख असतो. परंतु हाच लेख पुढील छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही चालू राहिला. ज्या शिवराईवर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतात, ती दुदांडी शिवराई पेशवाईच्या उत्तरकाळातील आहे. १८१८ मध्ये कंपनीची सत्ता आल्यानंतरही ती काही काळ पाडली जात होती. अर्थात दुदांडी शिवराई ‘शिवकालीन’ म्हणून विकणाऱ्याचे नाणे अस्सल असते, वर्णन मात्र शंभराहून अधिक वर्षांनी चुकलेले असते. फसव्या नोंदींत ही जात सर्वांत मोठी असावी, कारण तिच्यासाठी खोटे नाणे घडविण्याचेही कष्ट पडत नाहीत. शिवाजी महाराजांची अश्वारूढ आकृती असलेले ‘जुने’ नाणे दाखविले जाते तेथे तर परीक्षेचेही कारण नाही : मराठ्यांच्या नाण्यांवर राजाची प्रतिमा नसे. प्रतिमा असलेले जे सुपरिचित नाणे आहे ते भारत सरकारचे १९९९ चे दोन रुपयांचे.

‘अस्सल’ या शब्दाची परीक्षा छायाचित्रावरून करावयाची असल्याने अधिक अवघड आहे. वजन हाती घेता येत नाही, कड बोटाने चाचपता येत नाही. तरीही एक कसोटी छायाचित्रावरही चालते. शिवराई हाताने पाडलेले नाणे आहे. तांब्याची चकती ठशावर ठेवून वरून घाव घातला जाई; त्यामुळे एकाच ठशाच्या दोन नाण्यांत अक्षरांचे वळण तंतोतंत जुळते, परंतु चकतीचा आकार, लेख कोणत्या बाजूस सरकला आहे, कड कोठे फाटली आहे, या गोष्टी जुळत नाहीत. दोन निरनिराळ्या विक्रेत्यांच्या नोंदींत अक्षरांबरोबर कडेची फाटही जुळली आणि ओरखडाही त्याच ठिकाणी दिसला, तर दोनच शक्यता उरतात. एक तर तेच छायाचित्र अथवा तेच नाणे दोन ठिकाणी मांडले आहे, किंवा एका मूळ नाण्यावरून साचा घेऊन दोन्ही नाणी ओतली आहेत. ओतीव नकलेच्या पृष्ठावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि कडेभोवती साच्याच्या सांध्याची रेघ राहते किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा राहतात. धातू थंड होताना आकसत असल्यामुळे नक्कल मुळापेक्षा किंचित लहानही भरते.

या कसोटीला मर्यादा आहे. नकलाकाराने नवा ठसा कोरून नाणी ठोकून पाडली, तर प्रत्येकाची कड वेगळी येईल. जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) याने ग्रीक व रोमन नाण्यांचे ठसे स्वतः कोरले होते. नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसाबरोबर पेटीत घालून आपल्या घोडागाडीला बांधी व गाडी फिरवून आणी. बेकरसारख्याचे काम ओळखावयाचे तर अक्षरवटिकेची जाण हवी. ती अनेक अस्सल नाणी पाहिल्यावरच येते. मराठ्यांच्या टांकसाळींवरील माहेश्वरी आणि विगिन्स यांचा १९८९ चा इंग्रजी ग्रंथ त्यासाठी जवळ ठेवावा.

आता ‘कापूरहोळ येथे शेतात सापडलेली’. ग्राहकास हा शब्दसमूह शोभेचा वाटतो. अभ्यासकास तो सर्वांत घातक होय. बहुसंख्य शिवरायांवर सन नाही, टांकसाळीचे नाव नाही. लेख तर दीर्घकाळ तोच. अशा नाण्याविषयी ते कोठे चलनात होते आणि कोणत्या ठशाची नाणी कोणत्या मुलखात अधिक मिळतात, हे समजण्यास सापडलेल्या स्थळाची नोंद हाच प्रमुख आधार उरतो. खोटे नाणे संग्रहातून पुढेमागे बाहेर काढता येते. पण अस्सल नाण्याला चिकटविलेले खोटे गाव एकदा नकाशावर गेले, की नाण्याची कितीही परीक्षा केली तरी ते उघडकीस येत नाही. भोर परिसरातील शिवरायांचे ठसे जुळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने अशी दहा नोंदींतील गावे प्रबंधात घेतली, तर त्याचा नकाशा विक्रेत्यांच्या कल्पनेचा नकाशा होईल. लिलावाच्या नोंदीतील प्राप्तिस्थान स्वतंत्र पुराव्यावाचून मुळीच स्वीकारू नये.

या शब्दांना कायद्याचीही बाजू आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. तेव्हा अशी खबर दिल्याचा पुरावा नसताना शेतात सापडलेला ठेवा थेट लिलावास मांडणारी नोंद एक तर खोटी असते, नाहीतर कायदा मोडल्याची कबुली असते. ‘परदेशी पाठविण्याची सोय’ हे शब्दही तसेच. १९७२ च्या पुराणवस्तूविषयक अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुराणवस्तू ठरते. त्याची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली यंत्रणा यांखेरीज कोणासही करता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो.

काही लबाड्या याहून ढोबळ आहेत. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे लिहिलेली व राम दरबार किंवा हनुमान दाखविणारी ‘नाणी’ कंपनीच्या टांकसाळीतून कधी निघालीच नव्हती. (देवतेची आकृती हेच मात्र खोटेपणाचे लक्षण मानू नये, मद्रासकडील कंपनीच्या होनांवर विष्णूची आकृती आहे.) वैष्णोदेवीची प्रतिमा असलेली २०१२ ची पाच व दहा रुपयांची नाणी खरीच आहेत, पण ती चलनी आहेत, त्यांना लाखो रुपये देऊ करणारा माणूस नाण्यासाठी नव्हे, आगाऊ ‘शुल्का’साठी आलेला असतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले की ती अशा व्यवहारांत पडत नाही, आणि त्यासाठी शुल्क वा कमिशनही मागत नाही.

तक्रार लिहिताना विक्रेत्याच्या हेतूविषयी एक अक्षरही लिहू नये. ‘विक्रेता लबाड आहे’ हे सिद्ध करणे तक्रारदारास शक्य नसते. ‘वर्णनात शिवकालीन म्हटले आहे, छायाचित्रात दोन आडव्या रेघा दिसतात’ हे कोणासही पडताळता येते. नोंदीचा क्रमांक, पत्ता, विक्रेत्याने घेतलेले नाव, पाहिल्याचा दिवस व वेळ, आणि छायाचित्रांच्या मूळ आकारातील प्रती प्रथम जतन कराव्यात. त्यानंतर संकेतस्थळावरील तक्रारीच्या सोयीतून कळवावे. ग्राहकाने तक्रार केल्यास तिची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे हे ई-व्यापारविषयक २०२० च्या नियमांप्रमाणे संकेतस्थळाच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याचे काम आहे. भारतातील ग्राहकांस नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी संस्थांसही हे नियम लागू आहेत. पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. प्राप्तिस्थानाचा दावा असेल, तर जिल्हाधिकारी व राज्याचे पुरातत्त्व खाते यांस वेगळे पत्र जावे, कारण संकेतस्थळास त्या प्रश्नाशी कर्तव्य नसते.

ओतीव नकलेची नेमकी खूण विक्रेत्यास समजावून सांगण्याचा मोह मात्र टाळावा. पुढच्या खेपेस ती खूण पुसलेली असते. नोंद काढून टाकली गेली की तिचे पानही बहुधा दिसेनासे होते, आणि तेच नाणे काही दिवसांनी निराळ्या नावाने व निराळ्या गावाने पुन्हा मांडले जाऊ शकते. जतन केलेले छायाचित्र तेव्हा कामास येते : गाव बदलले तरी कडेची फाट तीच असते.