पुन्हा तोच पट

बुद्धिबळात एकच स्थिती तीनदा आली की खेळाडू बरोबरी मागू शकतो. पाचदा आली तर पंच स्वतःच डाव बरोबरीत सोडवतात. शालेय स्पर्धा खेळणाऱ्या मुलालाही हे ठाऊक असते. 'गो' या खेळात मात्र याच प्रश्नाला प्रत्येक नियमपुस्तक वेगळे उत्तर देते.

गोच्या पटावर 19 उभ्या, 19 आडव्या रेघा. त्यांच्या छेदांवर काळे-पांढरे खडे मांडायचे. चहूबाजूंनी कोंडलेला खडा उचलला जातो. कधीकधी अशी जागा तयार होते की तुम्ही माझा एक खडा उचलावा, मी लगेच तुमचा तोच उचलावा, आणि हे संपूच नये. या जागेला 'को' म्हणतात. त्यासाठीचे चिनी अक्षर मुळात 'लुटणे' या अर्थाचे. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात तेच आपल्या 'कल्प' शब्दासाठी वापरले गेले. लूट म्हणा की युगांचा फेरा, दोन्ही अर्थ इथे चपखल बसतात.

एक को सर्वत्र सारखाच मिटतो: लगेच उलट उचलायचे नाही, आधी दुसरीकडे एक खेळी करायची. अडचण तीन को एकदम आले की होते. रोह्याचे माझे एक स्नेही जपानी नियमांवर शिकलेले, मी पेणला संगणकाशी खेळून शिकलो. शाडूचे खडे घेऊन आम्ही ही स्थिती मुद्दाम मांडली. क, ख, ग असे तीन को. क आणि ग पांढऱ्याकडे, ख काळ्याकडे. काळा क घेतो, पांढरा ख, काळा ग. मग पांढरा क परत घेतो, काळा ख, पांढरा ग. सहा खेळ्या झाल्या आणि पट होता तसा! लगेच उलट उचलण्याचा नियम कुणीही मोडलेला नाही.

"झालं, डाव रद्द," स्नेही म्हणाले. जपानच्या 1989 च्या नियमांप्रमाणे त्यांचे बरोबर होते: संपूर्ण पटाची पुनरावृत्ती झाली आणि दोघांची संमती असली, तर डाव निकालाविना संपतो. माझ्या संगणकाला सहावी खेळीच मान्य नव्हती. तो ट्रॉम्प-टेलर नियम पाळतो. पूर्वीचा कोणताही पट पुन्हा उभा करायचा नाही. म्हणजे पांढऱ्याने दुसरीकडे एखादी जबर धमकी शोधायची, नाहीतर हे तीन को सोडून द्यायचे. एकाकडे डाव रद्द, दुसऱ्याकडे पांढरा बहुधा हरलेला!

अमेरिकन आणि न्यूझीलंडचे नियमही पुनरावृत्ती टाळतात, पण पटासोबत खेळी कोणाची आहे तेही पाहतात. तोच पट असला तरी पाळी दुसऱ्याची असेल, तर ती त्यांच्या लेखी वेगळी स्थिती. चिनी पुस्तकात तत्त्वतः बंदी आहे, पण तिहेरी कोत कोणीच मागे हटेना, तर पंच डाव बरोबरीत सोडवू शकतात किंवा पुन्हा खेळायला लावू शकतात. तत्त्व एक, व्यवहार दुसरा, हे मला खटकते. त्यापेक्षा जपानी नियम प्रामाणिक वाटतो, जरी त्याने हरत आलेल्याला पळवाट मिळत असली तरी.

हे नुसते पुस्तकी प्रश्न नाहीत. 1582 मध्ये ओदा नोबुनागापुढच्या डावात तिहेरी को झाला आणि लगेच त्याचा घात झाला, ही जपानी कथा फार प्रसिद्ध. तिच्या खरेपणाबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण 2012 च्या सॅमसंग कप स्पर्धेत गु ली आणि ली सेडॉल यांच्या डावात चार को एकत्र आले आणि डाव निकालाविना संपला, हे खरेच घडलेले. ट्रॉम्प-टेलर नियम असते, तर त्या पटावर कोणाला तरी मागे हटावेच लागले असते.