घरीं बांधलेल्या मोटारीची कुरकुर

"मोटार विकत घेतात, बांधतात तें घर!" आमच्या मातोश्रींनीं वाईहून फोनवर काढलेले हे उद्गार पुष्कळ वाचकांस पटतील. परंतु आम्ही ज्या देशांत राहतों त्या इंग्लंडांत सुटे भाग आणून घरच्या गॅरेजांत मोटार जोडण्याची हौस बरीच जुनी आहे, आणि तिची वाढ एका करामुळें झाली असें म्हणण्यास हरकत नाहीं. महायुद्धाच्या काळांत, १९४० सालीं, तेथें खरेदीवर एक कर बसविण्यांत आला. तयार मोटारीवर तो पडे. सुटे भाग घेऊन गिऱ्हाइकानें स्वतः जोडलेल्या मोटारीवर पडत नसे. १९५७ सालीं कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कारखान्यानें 'सेव्हन' नांवाची हलकी, उघडी, दोन माणसांची गाडी बाजारांत आणिली. या सवलतीमुळें तीच गाडी लोक घरोघरीं जोडूं लागले. भागांबरोबर जोडणीची माहिती देण्यास मनाई होती, म्हणून चॅपमन यांनीं गाडी सोडविण्याची माहिती छापली व गिऱ्हाइकांनीं ती उलट क्रमानें वाचावी असें सुचविलें, अशी एक गमतीची हकीकत सांगतात. १९७३ सालीं तो कर रद्द झाला. त्याच सालीं सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. कर गेला तरी लोकांची हौस मात्र गेली नाहीं, आणि तिची लागण पुढें आमच्या घरासही झाली.

आमच्या गाडीचा सांगाडा व इतर भाग एका लहानशा कारखान्याकडून खोक्यांतून आले. जोडणारीं माणसें दोन : मी आणि माझी मुलगी. ती तेव्हां महाविद्यालयांत जाण्याच्या तयारींत होती. दोन हिवाळे आम्हीं गॅरेजांत काढले. थंडीनें बोटें बधिर होत, चहाचे पेले अवजारांच्या पेटीवर निवत पडत, आणि सौभाग्यवती दाराशीं येऊन जेवणाची तिसरी हांक मारून जात. येथें घरीं बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वीं आयव्हीए नांवाची सरकारी तपासणी व्हावी लागते; तींतही गाडी उत्तीर्ण झाली. परंतु पहिल्या फेरीस निघालों आणि आमच्याच गल्लींतील वेग रोखण्याच्या उंचवट्यावरून जातांना पुढच्या चाकांतून आवाज आला — क्रंऽऽ! जुन्या वाड्याची दिंडी उघडावी तसा. पुढच्या उंचवट्यावर तोच आवाज, आणि कोपऱ्यावर वळतांना पुन्हां तोच. शेजारचे वृद्ध गृहस्थ आपल्या बागेंतून हांसून पाहूं लागले. नव्या कोऱ्या गाडीचें हें स्वागत माझ्या जिव्हारीं लागलें.

मोटारींत चाक हें सांगाड्यास सरळ जखडलेलें नसतें. आमच्या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकास वर एक व खालीं एक अशा दोन त्रिकोणी भुजा धरून ठेवतात. त्या सांगाड्याशीं बिजागरीप्रमाणें जोडलेल्या असतात. खड्डा आला कीं चाक वर उचलतें, भुजा बिजागरींत फिरतात, स्प्रिंग दबते व शॉक ॲब्सॉर्बर तिच्या उसळीस आवर घालतो. या प्रत्येक बिजागरींत एक बुश असतो. दोन्ही बाजूंच्या मिळून पुढें आठ. आवाज त्यांतूनच येत होता, हें गाडीचा पुढचा कोपरा हातानें दाबतांच कळून आलें.

आतां माझी चूक सांगतों. वाईच्या घरीं माजघरांत झोपाळा होता. त्याच्या कड्या कुरकुरूं लागल्या कीं वडील वातीनें दोन थेंब तेल सोडीत व कुरकुर थांबे. तीस वर्षें कारखान्यांत यंत्रांच्या सहवासांत काढूनही आयत्या वेळीं मला तो झोपाळाच आठवला! मीं तेलाची पिचकारी घेतली आणि आठही बुशांवर सढळ हातानें तेल सोडलें. आवाज कांहीं थांबला नाहीं. उलट, मुलगी गॅरेजांत आली ती डोक्यास हात लावूनच.

"बाबा, हें रबर आहे! खनिज तेलानें तें फुगतें, मऊ पडतें. तुम्हींच मला शिकवलेंत ना?"

मीं शिकविलें होतें, हें खरें. निमूटपणें सर्व पुसून काढलें, साबणाच्या पाण्यानें धुतलें. पण मनांत राग धुमसत होता तो त्या कारखान्यावर. हलक्या प्रतीचे बुश गळ्यांत बांधले, अशी माझी खात्री झाली. रात्रीं बसून एक खरमरीत पत्रही लिहून काढलें.

दुसऱ्या दिवशीं मुलगी म्हणाली, "पत्र उद्यां पाठवा. आज आधीं आवाज कोठून व कसा येतो, तें तरी पाहूं." ती चाकाशेजारीं बसली, मी बॉनेट दाबूं लागलों. लांकडी काठीचें एक टोंक कानाशीं व दुसरें एकेका सांध्यावर ठेवून तिनें डाव्या बाजूच्या खालच्या भुजेवर बोट ठेवलें. मग तिनें त्या सांध्यावर नुसतें पाणी शिंपडलें. ही युक्ति मोठी उपयुक्त आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर कोरडे घासत असतील, तर पाण्यानें आवाज क्षणभर तरी बंद होतो किंवा बदलतो. पॉलियुरेथेन नांवाच्या कठीण प्लॅस्टिकचे बुश हल्लीं पुष्कळ जण बसवितात. त्यांत आंतली पोलादी नळी प्लॅस्टिकांत खरोखरच फिरते, आणि तेथें सिलिकोनचें ग्रीस कमी पडलें कीं तीं चिरचिरूं लागतात. त्यांचा इलाज सोपा : सोडवा, पुसा, ग्रीस भरा, पुन्हां बसवा. पण आमच्या बुशावर पाणी पडूनही आवाज तसाच राहिला. म्हणजे येथें पृष्ठभागांचें घर्षण नव्हतें.

आमचे बुश रबराचे होते, आणि त्यांची रचना अगदीं निराळी असते. बाहेर एक पोलादी नळी, आंत दुसरी, आणि मधलें रबर दोन्हींस कायमचें चिकटविलेलें. बोल्ट आवळला कीं आंतली नळी सांगाड्याच्या कानांमध्यें घट्ट धरली जाते. ती फिरत नाहीं व फिरूंही नये. भुजा वरखालीं होते ती केवळ रबर पिळलें जाऊन. म्हणून ज्या स्थितींत बोल्ट आवळाल, ती रबराची विश्रांतीची स्थिति ठरते. तेथून भुजा जितकी दूर जाईल तितका पीळ अधिक.

हें ऐकतां ऐकतां माझ्या कानशिलांपाशीं ऊन लागल्यासारखें झालें. जोडणी चालू असतांना गाडी महिनोन् महिने तिवयांवर होती. चाकें अधांतरीं लोंबत होतीं. माहितीपुस्तकांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, हे बोल्ट प्रथम हातानेंच लावावे, आणि गाडी चाकांवर उतरवून तिचा भार पडल्यावरच अखेरचे आवळावे. मुलीनें तें वाक्य मला वाचूनही दाखविलें होतें. तिची परीक्षा जवळ आली होती. ती अभ्यासास गेली, आणि एका रात्रीं, काम उरकण्याच्या घाईंत, मीं सर्व बोल्ट टॉर्क-पान्यानें मोजून मापून आवळून टाकले. माप अचूक होतें. वेळ चुकली होती. गाडी जमिनीवर उतरतांच आठही रबरें पिळलीं गेलीं, आणि उभ्या गाडींतही तीं तशींच पिळलेलीं राहिलीं.

खात्री करून घेण्यासाठीं आम्हीं गाडी चारी चाकांखालीं भक्कम लांकडी ठोकळे देऊन उंच केली, म्हणजे चाकांवर भार राहून खालीं हातही जाईल. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही, कधींही शिरूं नये. हें येथें मुद्दाम सांगून ठेवतों. आंतल्या नळीवर व शेजारच्या कानावर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली, आणि बोल्ट हळूहळू सैल केला. 'खट्' असा आवाज होऊन नळी जागच्या जागीं फिरली. रेघेचे दोन तुकडे जवभर अंतरानें वेगळे दिसूं लागले. मुलगी कांहींच बोलली नाहीं, आणि त्या न बोलण्याबद्दल मी तिचा ऋणी आहें.

मग सर्व बोल्ट सैल करून पुढचें काम शिस्तीनें केलें. चालविणाराच्या जागेवर ती बसली. शेजारच्या जागेवर माणसाच्या वजनाइतकीं तांदळाचीं पोतीं ठेविलीं. गाडी दोनचार वेळां दाबून सोडली, म्हणजे भुजा आपल्या स्वाभाविक जागीं येतात. नंतर जुने स्वयंरोधी नट टाकून नवे घातले व सांगितलेल्या मापानें आवळले. शंभरएक मैल गाडी चालल्यावर ते पुन्हां तपासले. डाव्या खालच्या भुजेंतील एका बुशाचें रबर मात्र कडेला फाटलें होतें. तो बदलणें भागच होतें. रात्रीं मीं तें खरमरीत पत्र फाडलें आणि एका नव्या बुशाची मागणी, किंमतीसह, त्याच कारखान्याकडे पाठविली.

सप्टेंबरांत मुलगी विद्यापीठांत जाण्यास निघाली. सामान पुढें पाठविलें होतें, म्हणून स्टेशनपर्यंत आम्ही दोघें त्याच गाडींतून गेलों. गल्लींतील उंचवटे आले, गेले. तिनें माझ्याकडे पाहिलें, मीं तिच्याकडे. वाऱ्याखेरीज कसलाही आवाज नव्हता.

मोटार बांधण्याच्या फंदांत न पडणाऱ्या वाचकांसही यांतील एक गोष्ट उपयोगी पडेल. आपल्या नेहमींच्या गाडींतही बहुधा असेच रबरी बुश असतात व ते झिजल्यावर बदलावे लागतात. गाडी दुरुस्तीहून आल्यावर थोड्याच दिवसांत खालून कण्हण्यासारखा आवाज येऊं लागला, तर अखेरचे बोल्ट चाकांवर भार असतांना आवळले होते काय, एवढें कारागिरास अवश्य विचारावें. कुरकुरीऐवजीं खडखड ऐकूं आली, तर एखादा सांधा सैल झाला असण्याचा संभव असतो. अशी गाडी तपासल्यावांचून चालवूं नये. आणि हातीं तेलाची पिचकारी घेण्यापूर्वीं, समोर झोपाळ्याची कडी आहे कीं रबर, हें एकदां पाहून घ्यावें.