हरलेल्या राज्याची साक्ष

कोरियाच्या प्राचीन इतिहासाबद्दल कुणी विचारलं, की मी बेक्जेपासून सुरुवात करायला सांगते. उत्तरेला गोगुर्यो, नैर्ऋत्येला बेक्जे, आग्नेयेला सिल्ला. ही तीन राज्यं कित्येक शतकं शेजारी नांदली आणि झुंजली. दक्षिणेला गाया हा छोट्या राज्यांचा समूह होता, त्याचा उरलासुरला भाग 562 मध्ये सिल्लाने घेतला. पुढे सिल्लाने चीनच्या तांग सम्राटाच्या फौजा सोबत घेऊन 660 मध्ये बेक्जे आणि 668 मध्ये गोगुर्यो बुडवलं.

या काळाचा आज हाती असलेला सर्वांत जुना सलग इतिहास म्हणजे 1145 चा ‘सामगुक सागी’. तोवर बेक्जे बुडून पावणेपाचशेहून जास्त वर्षं लोटली होती आणि तो सिद्ध करणारे किम बुसिक सिल्लाच्या राजकुळातले. मग बेक्जेचं म्हणणं कुठे ऐकायचं?

गोंगजूमध्ये. जुलै 1971 मध्ये तिथल्या जुन्या थडग्यांत झिरपणारं पाणी काढण्यासाठी चर खणताना विटांचं बांधकाम लागलं. आत बेक्जेचा राजा मुर्योंग आणि त्याची राणी, चोरांचा हात कधीच न लागलेले. दारापाशी कोरीव शिलालेख होता: राजाचं नाव, वय 62, मृत्यू 523 मध्ये. ‘सामगुक सागी’तलं वर्षही हेच आहे, किम बुसिक यांच्या ग्रंथाला बेक्जेनेच दुजोरा दिला. दुसऱ्या शिळेवर कबरीची जमीन भूमिदेवतांकडून विकत घेतल्याचं खरेदीखत, आणि शिळांवर मोबदल्याची लोखंडी नाणी!

475 मध्ये गोगुर्योने राजधानी जिंकून राजाला ठार केलं, तेव्हा बेक्जेने दक्षिणेला सरकून गोंगजूत बस्तान मांडलं होतं. पन्नास वर्षांत त्याच राज्याने चीनच्या लियांग धाटणीच्या विटांचं थडगं बांधलं आणि शवपेटीसाठी जपानात वाढणाऱ्या कोयामाकीचं लाकूड आणलं. मार खाल्लेलं राज्य समुद्रापार असे संबंध राखून होतं.

उत्खनन मात्र जेमतेम एका रात्रीत उरकलं गेलं. चार हजारांहून अधिक वस्तू निघाल्या, पण कोणती कुठे होती याची पुरेशी नोंद झाली नाही. याची मला आजही चीड येते. बेक्जेने स्वतःबद्दल सांगितलेलं इतकं थोडं उरलंय, की त्या मांडणीतलं एकेक स्थान त्या राज्याचा जबाब होता, आणि तो पुन्हा घेता येणार नाही.