सोयाबीन: दाणा, वडी, दूध आणि पनीर

जालना जिल्ह्यात खरिपात कपाशीच्या जोडीने सोयाबीन मोठ्या क्षेत्रावर पेरले जाते. त्याच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने आणि २० ग्रॅमच्या आसपास तेल असते. तेल काढून उरलेल्या पिठाच्या सोयावडीत प्रथिने ५० ग्रॅमपर्यंत जातात. भिजवलेली वडी मात्र पाणी शोषते, त्यामुळे तेच प्रमाण बरेच घटते. सोयादुधात प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम. ते नासवून, दाबून केलेल्या सोयापनीरमध्ये ८ ते १५ ग्रॅम. सोयातेलात प्रथिने नसतात.

कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचे पचन अडवतात. उष्णतेने ते निष्प्रभ होतात. म्हणून दळणापूर्वी दाणे उकळून वाळवावेत. असे पीठ ज्वारीत मिसळल्यास तिच्यातील लायसिनची उणीव भरून निघते.