नंबर घरचा, डेटा परमुलखाचा

कोल्हापूरहून एसटीने बेळगावला निघालं, की कागल मागे पडल्यावर खिशातला फोन थरथरायचा आणि कर्नाटकात तुमचं स्वागत करायचा. त्या स्वागताच्या पोटात दरपत्रक असायचं. मग आलेला फोन उचलायचा नाही, मुक्कामी पोहोचल्यावर यजमानांच्या लँडलाइनवरून उलटा लावायचा, असे उद्योग चालत. देशातल्या देशात चालणारं हे रोमिंगचं प्रकरण २०१७ च्या सुमारास कंपन्यांनी गुंडाळलं. (जम्मू-काश्मीर तेवढं वेगळं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड तिथे मुकं होतं, पोस्टपेड चालतं. सहलीला निघालेल्या कितीतरी जणांना हे श्रीनगरला उतरल्यावरच कळतं.) आता रोमिंगची आठवण होते ती पासपोर्ट हातात आल्यावर. युरोपची सहल ठरते, व्हिसा होतो, खाकऱ्याची पाकिटं भरली जातात आणि निघायच्या आदल्या रात्री कोणीतरी विचारतं, ‘तिकडे नेटचं काय करायचं?’

उत्तर देण्याआधी, परदेशात आपला फोन चालतो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. सिमकार्डात आपल्या मोबाइल नंबराहून निराळा, पंधरा आकडी ओळख क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे. भारतातल्या बहुतेक कार्डांवर ते ४०४ किंवा ४०५ असतात. पॅरिसच्या विमानतळावर फोन चालू केला की तिथल्या कंपनीचा टॉवर हा क्रमांक वाचतो, पाहुणा भारतातला आहे हे ओळखतो आणि थेट भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेला विचारतो : हा माणूस तुमचाच ना? याला सेवा द्यायची ना? इकडून होकार गेला की पडद्यावर परक्या कंपनीचं नाव उमटतं. पूर्वी पेठेतल्या सावकाराची हुंडी घेऊन काशीला गेलेल्याला तिथली पेढी पैसे मोजून द्यायची आणि हिशेब दोन्ही पेढ्या मागाहून आपापसांत मिटवायच्या. रोमिंग ही तीच हुंडी आहे. दोन कंपन्यांत करार नसेल किंवा तुम्ही निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घेतलं नसेल, तर टॉवर समोर दिसत असूनही फोन गप्प राहतो.

पुढचा भाग अधिक गमतीचा आहे. रोमिंगमध्ये डेटा तिथल्या तिथे इंटरनेटला मिळत नाही. सहसा तो आधी मायदेशी येतो. आयफेल टॉवरखाली उभं राहून तुम्ही जवळचं शाकाहारी हॉटेल शोधलंत, तर ती विचारणा फ्रान्सच्या टॉवरवरून समुद्राखालच्या केबलने भारतातल्या कंपनीच्या दाराशी येते, तिथून इंटरनेटवर जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत पॅरिसला जातं. म्हणून नेट थोडं अडखळल्यासारखं वाटतं. म्हणूनच पॅरिसमध्ये बसूनही वेबसाइट तुम्हाला भारतातलेच समजतात. चीनमध्ये याचा मोठा फायदा होतो. तिथलं स्थानिक सिम घेतलं तर गूगल आणि व्हॉट्सॲप बंद असतं; पण भारतातलं सिम रोमिंगवर असेल तर डेटा चीनच्या इंटरनेटला वळसा घालून घरी येतो, त्यामुळे दोन्ही चालू राहतात. शांघायच्या धंद्याच्या फेरीत महागडं रोमिंग पॅक परवडतं ते अशासाठी.

आता पैशांचं. रोमिंग महाग का, याचं उत्तर तंत्रात फारसं सापडत नाही. परक्या कंपनीने आपल्या कंपनीकडून घ्यायचा घाऊक दर हे खरं दुखणं, आणि त्यावर आपल्या कंपनीचा नफा. युरोपीय संघाने हे दाखवूनच दिलं. १५ जून २०१७ पासून संघातल्या देशांत फिरताना तिथल्या ग्राहकाला घरच्याच दराने फोन वापरता येतो. २०२२ मध्ये या नियमाला आणखी दहा वर्षांची मुदत मिळाली. एका कंपनीने दुसरीकडून एका जीबीला जास्तीत जास्त किती घ्यायचे, याचीही मर्यादा संघाने ठरवली : २०२२ मध्ये २ युरो, आणि दरवर्षी थोडी उतरत २०२७ मध्ये १ युरो. म्हणजे परक्याच्या मुलखात एक जीबी डेटा पुरवायला कंपनीला फार मोठा खर्च येत नाही. आपल्याकडे असा करार कोणत्याच देशसमूहाशी नाही. त्यामुळे पॅक न घेता परदेशात डेटा चालू ठेवला, तर मोजणी एमबीवर होते आणि चार फोटो आपोआप क्लाउडवर चढण्यातही बिल फुगतं.

युरोपच्या या नियमाला एक भोक आहे, आणि ते नेमकं आपल्या लाडक्या ठिकाणी आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. फ्रान्स किंवा इटलीत घेतलेलं सिम, किंवा ‘युरोप’ असं लिहिलेला एखादा स्वस्त प्लॅन, टिटलिसच्या पायथ्याशी आल्यावर हात वर करू शकतो. शेजारचं चिमुकलं लिश्टेनश्टाइन मात्र या व्यवस्थेत आहे. म्हणजे आपल्याकडच्या सहलीची बस वाडुझला तासभर थांबते तेव्हा नेट चालतं आणि पुन्हा स्विस हद्दीत शिरताच गडप होतं, असा खेळ होऊ शकतो. ब्रिटनही संघातून बाहेर पडल्यामुळे या हमीत धरायचं नाही. तेव्हा प्लॅन घेताना ‘युरोप’ या शब्दावर जाऊ नका. खालची देशांची यादी वाचा आणि तिच्यात स्वित्झर्लंड शोधा.

स्थानिक सिम हा जुना, भरवशाचा मार्ग. बँकॉक, सिंगापूर, दुबईच्या विमानतळांवर सामान घेऊन बाहेर पडलं की समोरच काउंटर असतात. पासपोर्ट दाखवायचा, पैसे भरायचे. काउंटरवरची मुलगी तुमच्या फोनमध्ये सिम घालून, चालवून, जुनं सिम एका कागदाला चिकटवून हातात देते. ते चिकटवलेलं सिम सांभाळा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत. जपानमध्ये प्रवाशांना मिळणारी बरीच सिम फक्त डेटाची असतात, त्यांना फोन नंबरच नसतो. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर तिथे विमानतळावर भाड्याने मिळणारं खिशातलं वायफाय घेतात. ते सोयीचं आहे; पण ज्याच्या खिशात ते यंत्र तो बाजारात हरवला, तर बाकीचे सगळेही हरवतात.

ईसिममुळे मात्र चित्र बरंच बदललं आहे. यात प्लास्टिकचा तुकडाच नाही. फोनच्या आत कायमची बसवलेली एक चिप असते, तिच्यावर कंपनीची माहिती क्यूआर कोडने उतरवून घेता येते. ॲपलने २०१८ च्या आयफोन एक्सएसपासून ही सोय दिली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ मधून सिमचा कप्पाच काढून टाकला. आपल्याकडे मध्यम किमतीच्या पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये ही चिप अजून नसते. तुमच्यात आहे का हे बघायचं तर फोनवर *#०६# दाबा. आयएमईआयच्या जोडीला बत्तीस आकडी ईआयडी दिसला, तर चिप आहे. ईसिम उतरवून घ्यायला आधी नेट लागतं, म्हणून हे काम घरच्या वायफायवर, निघायच्या आधी उरका. शिवाय एकदा उतरवलेलं ईसिम चुकून पुसलं तर तोच क्यूआर कोड सहसा दुसऱ्यांदा चालत नाही. फोन हाताळायला नातवाकडे देताना हे लक्षात असू द्या.

प्रवासी ईसिम विकणाऱ्या परदेशी कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांतल्या एअरॅलो आणि हॉलाफ्लाय या दोघींची ॲप जानेवारी २०२४ मध्ये भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढली गेली. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्याने सरकारने ही कारवाई केली. कारण सांगितलं गेलं ते सायबर फसवणुकीचं. मला विचाराल तर, ईसिम घेण्याआधी विकणारा कोण आहे आणि भारतातून ते विकायची परवानगी त्याच्याकडे आहे का, एवढं पाहणं दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा मोलाचं आहे. यातली पुष्कळ ईसिम सिंगापूर किंवा हाँगकाँगसारख्या तिसऱ्याच ठिकाणच्या कंपन्यांची असतात. त्यामुळे तुम्ही रोममध्ये असता आणि इंटरनेटच्या लेखी हाँगकाँगमध्ये. असा परका पत्ता दिसला की एखाद्या बँकेचं ॲप संशयाने दार लावून घेतं.

इथेच खरा पेच आहे. डेटा मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. तो विमानतळावर, हॉटेलात, कॉफीच्या दुकानात कुठेही मिळतो. आपला भारतातला नंबर मात्र कुठे विकत मिळत नाही आणि आपलं सगळं आयुष्य त्या नंबरावर टांगलेलं आहे. क्रेडिट कार्ड वापरायचं तर ओटीपी तिथे येणार. परतीच्या विमानाची वेळ बदलली तर मेसेज तिथे. यूपीआयचं ॲपही त्याच सिमला बांधलेलं. दुबई, सिंगापूर, नेपाळ, भूतानला काही दुकानांत आणि पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी यूपीआय चालू लागलं असलं, तरी सिम काढून ठेवलं की काही ॲप पुन्हा नोंदणी मागतात आणि त्या नोंदणीचा मेसेज भारतातल्या सिमवरूनच जावा लागतो. स्वस्त डेटाच्या नादात आपलं सिम काढून पाकिटात ठेवणाऱ्याची फजिती होते ती इथे. बहुतेक जण ही अडचण इंटरनेटची समजतात. ती ओळखपत्राची आहे.

म्हणून दोन सिमची विभागणी करावी. भारतातलं सिम फोनमध्येच राहू द्या, निघण्यापूर्वी त्यावर रोमिंग सुरू करून घ्या आणि सेटिंगमध्ये जाऊन फक्त त्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा. डेटासाठी ईसिम किंवा स्थानिक सिम निवडा. डेटा एका सिमवरून दुसऱ्यावर आपोआप जाण्याची सोय फोनमध्ये असेल, तर तीही बंद करा. नेटवर्क कमकुवत झालं की फोन शहाणपणा करून महागड्या सिमकडे वळतो. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला आपल्या कंपन्या साधारणपणे पैसे लावत नाहीत, त्यामुळे ओटीपी फुकट येतो. येणारा फोन मात्र फुकट नसतो. व्हेनिसमध्ये पहाटे झोपमोड करून ‘सर, पर्सनल लोन हवंय का?’ असं विचारणाऱ्या फोनचे पैसे तुम्हीच देता. अनोळखी नंबर उचलू नका. घरच्यांना व्हॉट्सॲपवर बोलायला सांगा. नवं सिम घातलं की व्हॉट्सॲप कधी कधी ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारतं. ‘नाही’ म्हणा, जुन्याच नंबरावर सगळं चालू राहतं. फक्त अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण तिथल्या नेटवर कॉल लागत नाही. दुबईत राहणारी आपली माणसं बोटिम या ॲपवरून बोलतात, हे त्यांच्या घरच्यांना आता पाठ झालंय.

काही कामांना डेटा लागतच नाही. फोनमधलं जीपीएस थेट उपग्रहांकडून संदेश घेतं, त्याला सिमशी देणंघेणं नसतं. शहराचा नकाशा आधीच हॉटेलच्या वायफायवर उतरवून ठेवला, तर फोन विमान मोडमध्ये असतानाही निळा ठिपका तुमच्याबरोबर चालतो. मेट्रो-बसचे मार्ग मात्र गूगलच्या उतरवलेल्या नकाशात मिळत नाहीत. त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

क्रूझवर मात्र हलगर्जीपणा नको. सिंगापूरहून निघालेलं जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं, की फोन जहाजावरचं उपग्रहाला जोडलेलं नेटवर्क पकडतो. ते कोणत्याच देशाचं नसतं, त्यामुळे तुमच्या देशवार रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही, आणि त्याचे दर डोळे पांढरे करणारे असतात. जहाज सुटलं की फोन विमान मोडवर टाका आणि लागलंच तर जहाजाचं वायफाय विकत घ्या.

राहता राहिले अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला जाणारे आई-बाबा. त्यांच्या डेटाचा प्रश्नच नसतो. पोहोचल्या दिवशी मुलांच्या फॅमिली प्लॅनमध्ये त्यांची सोय होते. प्रश्न त्यांच्या पुण्या-नाशिकच्या नंबराचा असतो. त्यांनी जपून ठेवलेला बटणांचा जुना फोन तिकडे बहुधा चालणार नाही, कारण एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं आणि इतरांनीही जुन्या सेवा गुंडाळल्या. सिम हातातल्या फोरजी फोनमध्ये राहू द्या. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते वळते करून मुदत वाढवून द्यावी, असा ट्रायचा नियम आहे. पण त्या भरवशावर राहण्यापेक्षा सहा महिने पुरेल असं वैधतेचं रिचार्ज विमानात बसण्याआधी मारलेलं बरं. एकदा बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि मग पेन्शन जमा झाल्याचा मेसेज सोलापूरच्या एखाद्या कॉलेजकुमाराच्या फोनवर वाजतो. मुदत संपत आलीच तर मुलांनी तिथून ॲपवरून रिचार्ज करावं. रिचार्जचे पैसे कापले जातील ते खातं मात्र आई-बाबांचं असलं, तर ओटीपीसाठी त्यांचा फोन त्या वेळी चार्ज झालेला असला पाहिजे.