अंग बाहेर येते ते कुणाच्या ओझ्याने?

काही दुखणी अशी असतात की बाई ती नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही आणि डॉक्टर पुरुष असेल तर त्यालाही सांगत नाही. शिंक आली, खोकला आला की लुगडे ओले होते. डोक्यावरचा हंडा उतरवताना खाली काहीतरी सरकल्यासारखे वाटते. दिवस मावळेपर्यंत ओटीपोट जड होते आणि एखाद्या दिवशी अंघोळ करताना हाताला गोळा लागतो. आपल्याकडे याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. म्हणतात म्हणजे काय, कुजबुजतात. या दुखण्यावर आमच्या सभेत भाषण होत नाही आणि आमच्या वर्तमानपत्रांतही क्वचितच काही छापून येते. म्हणून आज त्यावरच लिहितो आहे.

परभणीहून गंगाखेडला जाताना पोखर्णी लागते. नृसिंहाच्या मंदिरामुळे गाव दूरवर माहीत आहे, रेल्वे स्टेशनही त्याच नावाने ओळखले जाते. पुढे गंगाखेड म्हणजे जनाबाईचे गाव. जनाबाईच्या दळणाकांडणाचे कौतुक सातशे वर्षे चालू आहे. दळणाऱ्या बाईच्या कंबरेचे आणि ओटीपोटाचे काय झाले, हे मात्र त्या कौतुकात कुठे येत नाही. या पट्ट्यातल्या काळ्या रानात कापूस वेचणारी, सोयाबीन काढणारी, पाणी आणि सरपण वाहणारी बाई आजही तेच ओझे घेऊन उभी आहे. गंगाखेडच्या आणि शेजारच्या बीडच्या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांत ती अर्धा कोयता असते. मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची. पोटात मूल असले तरी हेच आणि पोटचे मूल महिन्याचे असले तरी हेच.

आता शरीरात काय घडते ते सरळ सांगतो. कंबरेच्या हाडांच्या पिंजऱ्याला खालून तळ असतो. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय या झोळीच्या आधाराने राहतात. बाजेचे विणकाम असते ना, तसेच. बाळंतपणात हे विणकाम ताणले जाते, कधी काही धागे तुटतात. विश्रांती मिळाली तर ते बऱ्याच अंशी पुन्हा घट्ट होते. पण विणकाम सैल असतानाच त्यावर पोते टाकले तर? मग बाज खाली झोळ खाते. लहान वयातले बाळंतपण, लागोपाठची बाळंतपणे, जड ओझे, चुलीच्या धुराने जडलेला खोकला, आडोसा नाही म्हणून अंधार पडेपर्यंत शौच अडवून धरल्याने होणारा बद्धकोष्ठ, हे सगळे त्या झोळीवर वरून दाब देत राहतात.

बाळंतिणीने सव्वा महिना घरात राहावे, असा रिवाज आहे. रिवाज चांगला आहे, पण तो पाळायला घरात धान्य लागते. ज्यांच्या घरी धान्य होते त्यांच्या सुना बाजेवर शेक घेत राहिल्या आणि ज्यांच्या हातावर पोट होते त्यांच्या सुना आठव्या-दहाव्या दिवशी रानात गेल्या. त्या कोणत्या वस्तीतल्या होत्या, हे या वर्तमानपत्राच्या वाचकाला वेगळे सांगायची गरज नाही. सरकारी भाषेत हा ‘स्त्रीरोग’ आहे, पण त्याची वाटणी जात आणि जमीन पाहून झालेली आहे.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. या खर्चाचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, पण बाईच्या श्रमातून नफा काढणाऱ्या मालकालाही अंग काढून घेता येणार नाही, असे त्यांनी सुनावले. १९२९ साली कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. गिरणी आली, खाण आली. उसाचा फड मात्र कायद्याबाहेरच राहिला. २०१७ साली प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली तेव्हा मोठा गाजावाजा झाला. ती रजा नोकरदार बाईला मिळते. ऊसतोडीच्या बाईने एक दिवस खाडा केला तर मुकादम उचलीतून दंड कापतो!

यातून काय निपजले, ते २०१९ साली देशाने पाहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची बातमी फुटली. खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्याचे सरकारने विधिमंडळात सांगितले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहात एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. दोन्ही पाहण्यांतले वयोगट तंतोतंत सारखे नाहीत हे मान्य, पण एवढ्या मोठ्या अंतरासाठी ते कारण पुरत नाही. पाळी नको, खाडा नको, दंड नको आणि ‘पिशवी सडली आहे, कॅन्सर होईल’ अशी भीती घालणारा डॉक्टर समोर. कर्ज काढून ऑपरेशन, आणि ते कर्ज फेडायला पुन्हा ऊसतोड.

पण खरी फसवणूक पुढेच आहे. अंग बाहेर येते म्हणून पिशवी काढली तरी सैल पडलेली झोळी तशीच राहते. बाजेवरचे एक गाठोडे उचलून नेले म्हणून विणकाम घट्ट होत नाही. तीच बाई पुन्हा मोळी उचलते आणि काही जणींत योनीचा वरचा भाग खाली उतरतो, लघवीची पिशवी उतरते. अंडाशयेही काढली असतील तर ऐन तिशीत पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात. दर वेळी पिशवी काढणे चूकच असते, असे माझे म्हणणे नाही. काहींना ऑपरेशन लागतेच. माझा सवाल एवढाच, की त्याआधीचे बिनखर्ची उपाय या बायकांना कुणी सांगितले होते का?

ते उपाय आहेत. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंचे व्यायाम वैद्यकशास्त्रापुढे मांडले. नंतरच्या अनेक चाचण्यांत ते खरे उतरले. खोकताना, शिंकताना लघवी गळत असेल तर पहिला उपचार हाच मानतात, आणि अंग थोडे किंवा मध्यम उतरलेले असेल तर त्रास कमी होतो. भगिनींनो, करायचे ते असे. वारा आणि लघवी दोन्ही अडवून धरायची असल्यासारखे खालचे स्नायू आत आणि वर ओढायचे. श्वास रोखायचा नाही, पोट, मांड्या आवळायच्या नाहीत. चार-पाच सेकंद धरायचे आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. सवय झाली की दहा सेकंदांपर्यंत न्यायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आडवे पडून सुरुवात करावी, जमले की बसून, मग उभ्याने. लघवी करताना ती अडवून हा व्यायाम रोज करू नये. खोकण्यापूर्वी किंवा हंडा उचलण्यापूर्वी स्नायू आवळून घेण्याची सवय लावावी. अंग फार उतरलेले असेल तर आत बसवायची रबराची किंवा सिलिकॉनची रिंग मिळते, डॉक्टर ती बसवून देतात. आणि पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल, लघवी अडत असेल किंवा अवघड बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी झिरपत असेल, तर व्यायाम करत बसू नये, थेट मोठा दवाखाना गाठावा.

तरीही कागदावर वाचून हे सगळ्यांना जमत नाही. पुष्कळ बायका आत ओढण्याऐवजी खाली जोर लावतात आणि त्रास वाढवून घेतात. त्यासाठी शिकवणारी फिजिओथेरपिस्ट हवी. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे मोडलेला हात, लकवा, म्हातारीचा गुडघा. बाळंतपणाशी तिचा संबंध आहे, हे सुशिक्षित घरांतही फारसे माहीत नसते. फ्रान्समध्ये बाळंत झालेल्या बाईला या स्नायूंच्या उपचाराच्या बैठका सरकारी विम्यातून मिळतात. फ्रान्स लांब राहिले, शेजारचा नेपाळ पाहा. अंग बाहेर येण्याचा प्रश्न तिथे २००८ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. हा बायकांच्या प्रजनन आरोग्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि सरकारला मोफत उपचार देण्यास व जनजागृती करण्यास सांगितले. गरीब डोंगरी देशाच्या न्यायालयाला जे दिसले, ते आमच्या पुरोगामी महाराष्ट्राला पिशव्यांचा ढीग पडल्यावरही नीट दिसलेले नाही. बीडनंतर परवानग्या आल्या, समित्या आल्या. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास राज्यांना सांगितले. हे सारे पिशवी काढू नका एवढेच सांगते. मग त्या बाईने करायचे काय, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

खरे तर बायकांना कुणी नीट तपासलेलेच नव्हते. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० बायकांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग निघाला आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. जगभर तो अभ्यास नावाजला गेला. पण परभणीच्या खेड्यातली बाई अजूनही टेबलावर झोपायला लाजते आणि तिला विचारणारेही थोडेच.

परभणीत २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथून आठवड्यातून एक दिवस स्त्री फिजिओथेरपिस्ट पोखर्णीसारख्या मोठ्या गावांत पाठवणे अशक्य नाही. आशाताईला बाळंतिणीच्या घरी जायचेच असते. तिला हा व्यायाम शिकवला तर वेगळा कर्मचारी लागत नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घ्यायचे ठरले आहे. त्या पैशातून फडावर बायकांची तपासणी का होऊ नये, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावा. आणि विहारात वर्षावासात रोज बायका जमतात, तिथे एका संध्याकाळी पुरुषांनी बाहेर थांबून डॉक्टरीणबाईंना बोलू द्यावे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेब बायकांसमोर लग्नाच्या वयाबद्दल आणि जास्त मुलांबद्दल उघड बोलले होते. आम्ही कशाला लाजावे?

यंदाही दसरा-दिवाळीनंतर ट्रक-ट्रॅक्टर निघतील. त्याआधी मुकादमाच्या यादीवर एक अट लिहून घेता येईल. गरोदर बाईला आणि बाळंत होऊन तीन महिने न झालेल्या बाईला मोळी उचलायला लावायची नाही, आणि त्याबद्दल उचल कापायची नाही.